अंबाजोगाईत दोघींना खोली मिळेल का?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मध्यंतरी शनिवार-रविवारच्या छोट्या सहलींसाठी ठिकाणे सुचवणारा एक लेख आला होता. त्यात वेरूळ होते, अजिंठा होता, म्हैसमाळ होते आणि तिथून लेखकाने थेट महाबळेश्वर गाठले होते. त्या यादीवर माझा आक्षेप नाही. मात्र ती वाचताना वाटले की, माझ्या वयाच्या आणि माझ्या ऐपतीच्या पुष्कळ बायकांना दोन दिवस मोकळे मिळाले, तर त्यांना थंड हवेच्या ठिकाणी जायचे नसते. जिथे लहानपण गेले त्या गावी, आणि तेही लहानपणीच्या मैत्रिणीबरोबर, जायचे असते. आई-वडील गेलेले असतात, भाऊ पुण्याला किंवा संभाजीनगरला स्थायिक झालेले असतात आणि घर विकले गेलेले असते, त्यामुळे अशा गावी उतरायचे कुठे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. गेल्या पौषात तो माझ्यापुढे आणि माझ्या मैत्रिणीपुढे उभा राहिला. त्याचे आम्हाला जे उत्तर मिळाले, ते आपल्या वाचकांना कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी परभणीत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६४. माझी मैत्रीण बँकेतून निवृत्त झाली असून लातूरला राहते. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही दोघी अंबाजोगाईत एका बाकावर बसलो. १९७२च्या दुष्काळात शाळेत मिळणारी सुकडी एका कागदात घेऊन ती अर्धी-अर्धी खाल्ली आणि घरी लाल मिलोच्या भाकरीला नाके मुरडल्याबद्दल बोलणीही खाल्ली. परभणी आणि लातूर ही काही दोन टोकांची गावे नव्हेत, तरी गेल्या अकरा वर्षांत आमची प्रत्यक्ष गाठ पडली नव्हती. आधी माझ्या यजमानांचे आजारपण झाले, मग करोना आला, मग तिच्या आईचे अंथरुणाला खिळणे आणि अखेर जाणे झाले. या सगळ्या काळात रोज सकाळी मोबाइलवर फुलांची चित्रे पाठवून आम्ही एकमेकींना सुप्रभात म्हणत होतो, आणि एवढ्याने मैत्री चालू आहे असे स्वतःला समजावत होतो. वेळ अमावास्येच्या दिवशी ती लातूरजवळच्या कुणाच्या तरी शेतात भज्जी-आंबील जेवायला गेली होती. तिथून तिने फोन केला आणि म्हणाली, “किती दिवस नुसती फुलंच पाठवायलीस? पुढच्या महिन्यात शनिवारी अंब्याला ये.” आमच्याकडचे जुने लोक अजूनही अंबाजोगाईला अंबाच म्हणतात. निजामी अमलात गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि माझ्या वडिलांच्या जुन्या कागदांवर तेच दिसते, पण बोलण्यात त्यांनी ते कधी आणले नाही.

तर आम्ही निघालो. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत महिलांना अर्धे तिकीट लागते, याचा मोठा परिणाम माझ्या पिढीवर झाला आहे असे मला वाटते. पूर्वी लग्न, बारसे, मयत किंवा दवाखाना यांखेरीज एसटीत न बसणाऱ्या बायका आता ‘सहज’ निघतात. ‘सहज’ हा शब्द आमच्या तोंडी पूर्वी नव्हता, बाहेर पडायला कारण लागायचे. मी गंगाखेड-परळीच्या वाटेने गेले आणि ती रेणापूरकडून आली. मी उतरले तेव्हा ती माझ्या आधी येऊन, मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन, एका बाकावर बसलेली होती. अकरा वर्षांनी भेटणाऱ्या दोन बायका गळ्यात पडून रडतात असे मालिकांत दाखवतात. आम्ही मात्र प्रथम एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली.

खोलीसाठी मी चार दिवस आधी एका लॉजवर फोन केला होता. पलीकडच्या माणसाने नाव आणि दिवस लिहून घेतला आणि “या, खोली आहे” असे सांगितले होते. काउंटरवर एक विशी-बाविशीचा मुलगा होता. त्याने दोघींची आधार कार्डे पाहिली, नोंदवही उघडली, पेन हातात घेतले आणि मग विचारले, “सोबत पुरुष माणूस कोण आहे?” कुणी नाही, आम्ही दोघीच आहोत, असे मी सांगितले. त्याने पेन खाली ठेवले आणि नुसत्या बायकांना खोली द्यायची नाही असे मालकांनी सांगून ठेवले आहे, मागे पोलिसांचा त्रास झाला होता, असे तो म्हणाला. माझी मैत्रीण पस्तीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेली असल्याने काउंटरवरच्या माणसाशी भांडत नाही. तिने अगदी शांतपणे विचारले, “माणूस म्हणजे? मग आम्ही दोघी कोण आहोत, बाळा?” तो मुलगा ओशाळला. त्याचा राग मला तेव्हाही आला नाही. खेड्यातून येऊन रात्रपाळी करणाऱ्या त्या पोराने मालकाचा हुकूम मोडून आमच्यासाठी नोकरी घालवावी, अशी अपेक्षा मी कशी करावी?

दुसऱ्या लॉजवर “फॅमिली असेल तर देऊ” असे उत्तर मिळाले. ‘फॅमिली’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे किती चमत्कारिक झाला आहे, हे तिथे लक्षात आले. नवऱ्याबरोबर आलेली बाई म्हणजे फॅमिली, आणि पन्नासहून अधिक वर्षांत एकमेकींची बाळंतपणे, दुखणी, बदल्या आणि मयती पाहिलेल्या दोन मैत्रिणी म्हणजे नव्हे. (बाळंतपणे माझी, बदल्या तिच्या.) तिसऱ्या ठिकाणी खोल्या भरल्या आहेत असे सांगण्यात आले आणि आम्ही पिशव्या उचलत असतानाच मागून आलेल्या तीन तरुणांना किल्ली देण्यात आली. या तिन्ही जागांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न तीन लॉजपुरता नाही आणि एका गावापुरताही नाही. माझ्या ओळखीच्या बायकांना हाच अनुभव मराठवाड्यातल्या इतर गावांतही आलेला आहे. प्रौढ स्त्रीने खोली घेताना सोबत पुरुष दाखवला पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. ओळखपत्र आणि नोंदवहीतील नोंद एवढेच लागते आणि ते दोन्ही आमच्याकडे होते. तरीही हा नियम चालतो, कारण ज्यांना तो लागू होतो त्या बायका बाहेर मुक्काम करत नाहीत असे गृहीत धरलेले आहे, आणि एखादी करू पाहते तेव्हा ती मुकाट्याने परतीच्या गाडीत बसते.

आम्हीही बसलो असतो. पण मैत्रिणीला आठवले की, तिच्या आईच्या दुखण्यात ओळख झालेल्या एक निवृत्त परिचारिका गावात राहतात. फोन केल्यावर त्या म्हणाल्या, “लॉजवर गेलातच कशाला? माडीवरची खोली रिकामी आहे.” स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांची सगळी नोकरी झालेली. आशिया खंडातले हे पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, असे अंबाजोगाईकर मोठ्या अभिमानाने सांगतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या रात्रपाळीवर होत्या. त्या पहाटेच्या आठवणीने त्यांनी आम्हाला त्या रात्री दीड वाजेपर्यंत जागे ठेवले. सकाळी अंघोळीला मोजून दोन बादल्या पाणी आणि न्याहारीला चुरमुऱ्यांचा सुशीला. ‘पाहुण्यांना पुरेल एवढं आहे’ हे वाक्य त्यांनी पाण्याबद्दल म्हटले, सुशीलाबद्दल नव्हे. मराठवाड्यातल्या वाचकाला त्याचे स्पष्टीकरण लागू नये.

शनिवारी संध्याकाळी आम्ही आधी आपापली घरे पाहायला गेलो. रविवार पेठेतल्या मैत्रिणीच्या वाड्याच्या जागी आता तीन मजली दुकानसंकुल आहे. वाड्यातला आड बुजवलेला नाही, त्याच्यावर फरशी टाकून तिच्यावर मोबाइल दुरुस्तीचे दुकान थाटले आहे. आडावर बसून पोरगा मोबाइल उघडतो आहे, हे पाहून तिला हसू आवरेना. माझे घर भाड्याचे होते. तिथे म्हैस बांधायची लोखंडी कडी पायरीच्या दगडात अजून शाबूत आहे, आणि त्या कडीला आता कुणाची तरी मोटारसायकल साखळीने बांधलेली होती. घराच्या नव्या मालकीणबाई बाहेर आल्या, कोण पाहिजे म्हणून विचारले. मी म्हटले, कुणी नको, आम्ही इथे राहत होतो. त्यांनी आत बोलावले, पण गेले नाही. आत गेले असते तर त्यांच्या फरशीवर माझ्या आईची चूल कुठे होती हे मी दाखवत बसले असते, आणि त्यांना ते का ऐकावे लागावे?

मग योगेश्वरीच्या देवळात गेलो. जयंती नदीकाठची ही देवी कोकणस्थांची कुलदेवता आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईहून आणि रत्नागिरीकडून कुटुंबेच्या कुटुंबे दर्शनाला येतात आणि मार्गशीर्षात तिचा मोठा उत्सव असतो. तिची कथा आमच्या गावात पोरापोरींना पाठ असते. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाडी जिथल्या तिथे दगड होऊन राहिले. देवी कुमारिकाच राहिली आणि कोकणात परत न जाता तिने इथेच ठाण मांडले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वऱ्हाडाची दया यायची. या वेळी सभामंडपात बसल्यावर मैत्रीण माझ्या कानाशी लागून म्हणाली, “हिला आज लॉजवर खोली मिळाली नसती.” माझी मैत्रीण अविवाहित आहे. गेली चाळीस वर्षे तिच्याकडे पाहून लोकांनी जे जे प्रश्न विचारले, ते मला माहीत आहेत. देवळात मोठ्याने हसू नये म्हणून मी पदर तोंडाशी धरला. जे गाव एका एकट्या राहिलेल्या बाईच्या नावाने ओळखले जाते, त्या गावाच्या काउंटरवर बाईला ‘सोबत कोण’ असे विचारले जावे, यातली विसंगती एव्हाना कुणाच्याच लक्षात कशी आली नसेल?

रविवारी आम्ही रिक्षा ठरवून फिरलो. हत्तीखान्यापासून सुरुवात केली. कातळात खोदलेला खांबांचा प्रशस्त मंडप, पुढच्या अंगणात नंदीमंडप आणि दगडी हत्ती. गोष्टीतले वऱ्हाड ते हेच, असे आम्ही मानत असू आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्या हत्तींच्या सावलीत सागरगोटे खेळत असू. नंतर बाराखांबी, म्हणजे सकलेश्वराचे देऊळ पाहिले. या परिसरात पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात जुन्या मंदिरांचे पाये मिळाल्याची बातमी २०२४ साली आली होती, ती वाचल्यापासून तिथे जायचे माझ्या मनात होते. लहानपणी ज्या मातीवर आम्ही धावलो तिच्या खाली आणखी देवळे होती, ही कल्पना मला अजून पुरती पेललेली नाही.

खोलेश्वराच्या देवळात मात्र आम्ही सर्वांत जास्त वेळ बसलो. खोलेश्वर हा यादव राजा सिंघणाचा सेनापती. शके ११६२, म्हणजे इ. स. १२४०च्या शिलालेखातून त्याच्या घराण्याची हकीकत कळते. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला आणि रामाच्या स्मरणार्थ रामाची बहीण लक्ष्मी हिने अंब्यात देऊळ बांधवले. मी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला, त्यात यादवांचा धडा दरवर्षी घेतला. भिल्लम, सिंघण, रामदेवराय ही नावे फळ्यावर लिहिली, पण माझ्याच गावातल्या या लक्ष्मीचे नाव एकदाही लिहिले नाही. पाठ्यपुस्तकात नव्हते हे खरे, पण शिक्षिकेने पाठ्यपुस्तकाच्या बाहेर पडायचे नाही असे मला कुणी सांगितले होते? भावाच्या आठवणीसाठी देऊळ उभे करण्याइतकी सत्ता, पैसा आणि मान आठशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या हाती होता, हे मुलींना त्याच गावात, त्याच दगडासमोर उभे करून सांगायला हवे होते. ती चूक माझी.

मुकुंदराजांच्या समाधीकडे दरीत उतरताना गुडघ्यांनी आपले म्हणणे मांडले. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११०चा, म्हणजे इ. स. ११८८चा, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधीचा. मुकुंदराज कुठले यावर विदर्भातील अभ्यासक नागपूर जिल्ह्यातल्या अंभोऱ्याचा दावा सांगतात आणि तो वाद पत्रातून सुटणारा नाही. आमच्यापुरते मुकुंदराज आमचे आहेत, कारण शाळेची वनभोजने त्यांच्याच दरीत झाली. संतकवी दासोपंतांच्या समाधीपाशी पाच मिनिटेच थांबलो, कारण ऊन चढले होते. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ ज्या पासोडीवर लिहिले ती चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद आहे, हे मैत्रिणीला शाळेपासून पाठ आहे. एवढ्या लांब कापडावर लिहायचे तर आधी त्यांनी घरातल्या बायकांना ते धुऊन, खळ घालून, वाळवायला लावले असेल, हा तिचा शेरा. त्याला पुरावा काही नाही, पण मला तो पटला.

या दिवसभरात मला जाणवलेली गोष्ट अशी की, अंबाजोगाईत दोन दिवस रमावे एवढे पाहण्यासारखे आहे, ते एकमेकांपासून फार लांबही नाही, आणि तरी बाहेरचा माणूस देवीचे दर्शन घेऊन तासाभरात परळीच्या वैजनाथाकडे निघून जातो. आमच्या रिक्षावाल्याने सांगितले की, त्याला ‘देवी आणि स्टँड’ याखेरीज दुसरी सवारी क्वचितच मिळते. बाराखांबी दाखवायला आमच्याबरोबर तो स्वतःही पहिल्यांदाच आत आला. तो याच गावचा. स्वामी रामानंद तीर्थांनी १९३०च्या दशकात याच गावात शिक्षक म्हणून काम केले आणि इथूनच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाकडे वळले, हे आमच्या पिढीला दर १७ सप्टेंबरला शाळेत ऐकून माहीत झाले. आमच्या रिक्षावाल्याला त्यांचे नाव दवाखान्यावरून माहीत होते. यात त्याचा दोष नाही, ज्याने त्याने ज्याला त्याला सांगायचे राहून गेले.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. शासनाने बाईचे तिकीट अर्धे केले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु अर्धे तिकीट तिला फक्त दुसऱ्या गावच्या फलाटापर्यंत आणून सोडते. तिथून पुढे तिला बसायला सावली, जायला स्वच्छ स्वच्छतागृह आणि झोपायला दाराला आतून कडी असलेली खोली लागते. येताना वाटेतल्या एका थांब्यावर गाडी वीस मिनिटे उभी राहिली, पण तिथल्या स्वच्छतागृहात पाय ठेवण्याची सोय नसल्याने गाडीतील एकही बाई उतरली नाही. पुरुष सगळे उतरले, चहा पिऊन आले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, आणि हे त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, तर प्रवासाची तयारी म्हणून सांगितले. गोधडी घेतली, डबा घेतला, पाणी प्यायले नाही. माझ्या आईनेही प्रवासाची तयारी अशीच केली होती.

२०२३ साली राज्य शासनाने महिलांसाठी पर्यटन धोरण जाहीर केले आणि त्याला ‘आई’ असे नाव दिले. त्या धोरणानुसार पर्यटनाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या महिलांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. धोरणाला आईचे नाव द्यावे आणि प्रत्यक्ष आईने आधार कार्ड पुढे केल्यावर तिला खोली नाकारली जावी, हे फार दिवस शोभणारे नाही. याच तरतुदीचा उपयोग अंबाजोगाईसारख्या गावात चटकन होऊ शकतो. ज्या निवृत्त परिचारिकेने आम्हाला माडीवरची खोली दिली, तशा रिकाम्या माड्या या गावात गल्लोगल्ली आहेत. मुले पुण्याला गेली, खाली आई-वडील किंवा एकटी आई राहते, वर कुलूप. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारीची योजना आहेच. तिची नोंदणी, कर्जाचा अर्ज आणि पोलिसांकडे पाहुण्यांची नोंद कशी करायची, एवढे समजावून सांगणारे एखादे शिबिर बचत गटांसाठी तालुक्याच्या गावी भरले, तर चार-सहा बायका तरी पुढे येतील याची मला खात्री आहे. आमच्या परिचारिकाबाईंनी पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा त्या रागावल्या. परंतु एखाद्या अनोळखी बाईने फोन केला असता, तर तिला घरात घ्यायला त्या कचरल्या असत्या, हे त्यांनीच कबूल केले. ओळखीवर चालणारी सोय ओळख नसलेल्या बाईपर्यंत पोचत नाही. सरकारी नोंदणीची पाटी हवी ती याचसाठी.

लॉजच्या बाबतीत माझी मागणी याहून साधी आहे. वैध ओळखपत्र दाखवणाऱ्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीला, ती एकटी बाई असो वा चौघी असोत, केवळ पुरुष सोबत नाही म्हणून खोली नाकारली जाणार नाही, असे वाक्य लॉजच्या काउंटरवर दरपत्रकाशेजारी लावायला संबंधित यंत्रणेने सांगावे. ज्या मालकांना पोलिसांच्या त्रासाची भीती वाटते, त्यांची भीतीही खोटी नसेल. पोलिसांनी स्थानिक लॉजमालकांची एक बैठक घेऊन कोणती नोंद पुरेशी आहे हे स्पष्ट केले, तर त्या भीतीचा निकाल लागेल. यासाठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही, कोनशिलाही लागत नाही.

एक सूचना शाळा-महाविद्यालयांना. गावात इतिहास आणि मराठी विषय घेऊन शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांनी सुटीच्या दिवशी हत्तीखाना ते मुकुंदराज हा फेरा पाहुण्यांना हिंडवून दाखवावा, त्याचे रास्त पैसे घ्यावेत आणि रिक्षावाल्यांनाही एकदा बरोबर न्यावे. कुठल्या देवळातून कुठल्या देवळाकडे कसे जायचे, वाटेत पायऱ्या किती, बसायला जागा कुठे आणि स्वच्छतागृह कुठे, एवढे दाखवणारा हाताने काढलेला नकाशाही चालेल. पायऱ्या किती हे मात्र नक्की लिहावे. साठीनंतर इतिहासापेक्षा तो आकडा आधी विचारला जातो. त्या फेऱ्यात खोलेश्वराच्या देवळाशी थांबून लक्ष्मीचे नाव सांगितले जाईल, तर माझी पस्तीस वर्षांची बाकी थोडी तरी फिटेल.

रविवारी दुपारी आम्ही निघालो तेव्हा परिचारिकाबाईंनी दोघींना पाटावर बसवले. खणाचे दोन तुकडे, तांदूळ आणि नारळ घेऊन त्या पुढे आल्या. मी विधवा आहे आणि मैत्रीण अविवाहित, त्यामुळे आम्ही दोघीही नकळत थोड्या मागे सरलो. त्या म्हणाल्या, “माहेराहून निघालात ना? मग ओटी नको का?” आणि दोघींच्या ओटीत नारळ घातले. गाडीत माझ्या शेजारच्या प्रवाशाने नारळ पाहून विचारले, देवीचा का? मी हो म्हटले.

येत्या मार्गशीर्षात, योगेश्वरीच्या उत्सवात, आम्ही पुन्हा अंबाजोगाईला जायचे ठरवले आहे. या वेळी शाळेतल्या आणखी दोघी येणार आहेत. एक नांदेडहून आणि एक केजहून. परिचारिकाबाईंच्या माडीवर चौघी मावणार नाहीत, म्हणून लॉजवर पुन्हा फोन करावा लागेल. तेव्हा ‘सोबत कोण’ या प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे यावर आमचा अजून एकमताने निर्णय झालेला नाही. आपण हे पत्र छापलेत, तर त्याचे कात्रण आधार कार्डासोबत काउंटरवर ठेवावे, असे माझ्या मैत्रिणीचे म्हणणे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
परभणी